नव्या स्वयंपाकघराचे आठ महिने: ट्रॉलीचा कारखाना आणि हुकलेला एक इंच

यंदाच्या पाडव्याला आमच्या नव्या ओट्यावर पहिली पुरणपोळी झाली, त्याला आता आठ महिने होतील. तेव्हाच लिहायचं मनात होतं, पण नवं असताना सगळंच छान दिसतं. मध्ये एक पावसाळा गेला, दिवाळीचा फराळ झाला, ट्रॉल्या रोज शंभरदा उघडल्या-मिटल्या. आता सांगता येईल असं वाटतंय.

घर नाशिकला, इंदिरानगरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. इमारत १९९४ सालची. स्वयंपाकघर १० बाय ८ फूट आणि त्याला लागून ड्राय बाल्कनी. घरात सासूबाई (आम्ही त्यांना आईच म्हणतो), आम्ही दोघं आणि दोन मुलं. मी सातपूरला एका कंपनीत स्टोअर्सला आहे. काय आलं, काय गेलं, कोणी सही करून घेतलं हे लिहून ठेवणं माझं रोजचं काम, तीच सवय घरच्या कामालाही लावली. त्यामुळे खाली जे आकडे आणि तारखा आहेत त्या वहीतल्या आहेत.

ट्रॉल्या, दारं आणि वरची कपाटं अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याकडून करून घेतली. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची एक मोठी चूक मी सविस्तर सांगणार आहे आणि ती त्यांनी नंतर निस्तरलीसुद्धा. मालाला मी पाचपैकी साडेचार देईन. कामाच्या आखणीला अडीच. हे दोन आकडे वेगळे का, तेच सांगायचंय.

आम्ही तीन ठिकाणी विचारलं होतं. कॉलेज रोडच्या एका शोरूममध्ये आमचं स्वयंपाकघर संगणकावर दहा मिनिटांत रंगीत करून दाखवलं. त्यात उंच काचेचे ग्लास टांगायला दांडी होती, पण पोळपाट कुठे ठेवायचं ते विचारल्यावर समोरच्या मुलाला उत्तर देता आलं नाही. किंमतही आमच्या आवाक्याबाहेरची. दुसरे ओळखीचे सुतार. त्यांनी माप घेतलं, भाव सांगितला आणि मग स्वतःच म्हणाले, "ताई, मी घरात बसून काम करणार. महिना-दीड महिना भुसा उडेल. आईंना दम्याचा त्रास आहे, त्यांना कुठे ठेवाल?" हातातलं काम सोडून इतकं सरळ सांगणारा माणूस आजकाल भेटत नाही. अंबडचा पत्ता त्यांनीच दिला. सगळं कारखान्यात तयार होऊन येतं, घरात फक्त दोन दिवस जोडणी, म्हणून तिकडे गेलो.

पण एक गोष्ट तेव्हा नीट डोक्यात शिरली नाही. कारखान्याच्या कोटेशनमध्ये फक्त ओट्याखालचं आणि भिंतीवरचं काम होतं. तोडफोड, नळ, टाइल पंचवटीतल्या एका गवंडी मिस्त्रींकडे. वायरमन वेगळा. ग्रॅनाइट मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या गोदामातून, बसवणारे त्यांचे. चिमणीवाला कंपनीचा. पाच माणसं, प्रत्येकाचं काम दुसऱ्याच्या कामावर बसणारं, आणि सगळ्यांमध्ये बोलणारी एकटी मी, तीही ऑफिसमधून फोनवर. कोटेशन घेताना आपण रक्कम वाचतो. कोटेशनमध्ये काय लिहिलेलं नाही ते वाचायला हवं होतं.

ड्रॉइंग करायच्या आधी मात्र एक काम बरोबर केलं. जानेवारीतल्या एका रविवारी सगळी भांडी हॉलमध्ये सतरंजीवर मांडली आणि मोजली. ४६ डबे, ११ पातेली, ४ कढया, ३ कुकर, इडलीपात्र, पुरणयंत्र, सोऱ्या, दोन पराती. प्रत्येकाची उंची टेपने मोजून लिहिली. तांदळाचा डबा १७ इंच, मोठा कुकर १० इंच, मिसळणाचा डबा अडीच इंच. हे कशासाठी, तर बाजारात तयार मिळणाऱ्या जाळीच्या ट्रॉल्या साधारण ४, ६ आणि ८ इंच उंचीच्या असतात आणि दुकानदार एका खणात तीन-तीन ट्रॉल्या बसवून देतो. दिसायला भरगच्च. पण मग उभा कुकर कुठेच मावत नाही, तो आडवा पडतो आणि त्याच्या मागे झाकणं हरवतात. आमची यादी घेऊन गेल्यावर कारखान्याच्या मालकांनी एका खणात दोनच ट्रॉल्या घेतल्या, खालची १२ इंच मोकळी. तिथे आज तिन्ही कुकर उभे राहतात. तव्यासाठी आणि पोळपाटासाठी गॅसच्या उजव्या हाताला सहा इंचांचा उभा खण काढला, तो सगळ्यांत जास्त वापरला जातो.

मोजताना हेही कळलं की ४६ डब्यांपैकी १९ रिकामे होते. वापरात नसलेली पितळेची आणि जुनी स्टीलची भांडी भांडी बाजारात मोड म्हणून देऊन टाकली. आईंची कल्हईची परात आणि घंगाळ तेवढं ठेवलं. ते द्यायचं नाही हे त्यांनी सांगायच्या आधीच मी वहीत त्यापुढे फुली मारली होती.

वर्षाचे गहू आम्ही अजून भरतो. दोन क्विंटलच्या कोठ्या कोणत्याच ट्रॉलीत मावणार नव्हत्या, त्यांची जागा ड्राय बाल्कनीत धरली. हे आधी ठरलं नसतं तर नवं स्वयंपाकघर झाल्यावर कोठ्या हॉलमध्ये आल्या असत्या. ओळखीतल्या दोन घरांत तेच झालंय.

आता उंचीबद्दल, कारण यावर कोणीच बोलत नाही. जुना ओटा ३२ इंचांचा होता. मी पाच फूट पाच इंच, मला भांडी घासताना कायम वाकावं लागायचं. आई चार फूट नऊ इंच, त्यांना त्याच ओट्यावर, शेगडीवरच्या पातेल्याच्या आत दिसायचं नाही. हा काय गुंता आहे तो मिस्त्रींनी समजावून सांगितला. उभं राहून हात कोपरात दुमडला की कोपर जिथे येतं त्याच्या चार-पाच इंच खाली काम करायची जागा हवी. आणि साधी शेगडी स्वतःच चार इंच उंच असते, म्हणजे भाजी परतण्याची उंची ओट्याच्या उंचीहून तेवढी जास्त. म्हणून आम्ही ओटा ३३ इंच केला आणि हॉब, म्हणजे ग्रॅनाइट कापून त्यात बसवायची शेगडी, घेतला. ते १२,००० जास्तीचे गेले, पण आईंना आता आमटी उकळलेली दिसते.

भाकरीचं त्यानेही सुटत नव्हतं. भाकरी थापायला आणि कणीक मळायला अंगाचा भार वरून यावा लागतो. मिस्त्रींनी सहा फेब्रुवारीला संध्याकाळी विटा रचल्या, वर फळी टाकली आणि आईंना बोलावलं. सगळीकडे सिमेंट आणि धूळ, मध्ये ती फळी, त्यावर स्वच्छ कापड, त्यावर आईंची परात. त्यांनी खरोखर दोन वाट्या कणीक मळली. एक वीट काढली, पुन्हा मळली. पुढे विटेऐवजी टाइलचे तुकडे एकेक काढत गेले. २९ इंचांवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे खांदा दुखत नाही. अंग आपलं आपण काम करतं." मिस्त्रींनी लगेच भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. खिडकीपाशी ओट्याचा शेवटचा अडीच फूट भाग २९ इंचांवर घेतलाय, खाली मोकळा, म्हणजे स्टूल आत सरकतं. आई बसून भाजीही निवडतात. घरात बुटकं किंवा वयस्कर माणूस असेल तर ही पायरी कराच. त्यासाठी वेगळा खर्च जवळजवळ काही नाही, ग्रॅनाइट तेवढंच लागतं.

काम तीन फेब्रुवारीला सुरू झालं. ठरलेले दिवस ३०. तोडफोडीच्या तिसऱ्याच दिवशी ड्राय बाल्कनीतला जुना बिडाचा नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालचं भांडं, उघडला आणि तो खालून पार कुजलेला निघाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला दोन वर्षं ओल येत होती, तिचं मूळ आमच्याकडे होतं. त्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता, मला फार वाईट वाटलं. ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, दाराला उंबरा करून ४८ तास पाणी साठवून ठेवलं आणि खाली जाऊन स्वतः छत पाहिलं. भिंतीतले गंजलेले लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, टाकले. त्यात चार दिवस आणि २७,००० रुपये गेले. जुन्या इमारतीत काम काढणाऱ्यांनी हा खर्च अंदाजात धरूनच ठेवावा. टाइल लागल्यावर पुन्हा फोडणं याहून कितीतरी महाग पडतं.

राडारोड्याचंही आधी कोणी बोललं नव्हतं. घंटागाडीत तो जात नाही, सोसायटीच्या गेटपाशी टाकला तर दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन. गोण्या भरून, दोन मजले उतरवून, टेम्पोने न्यायला ९,००० रुपये लागले.

आणि आता तो इंच.

आमच्याकडे पद्धत अशी, की ओट्याखाली कडप्प्याचे उभे पार्टिशन लावून खण पाडतात, वर ग्रॅनाइट बसतं आणि प्रत्येक खणात चॅनेलवर ट्रॉल्या सरकतात. खणाच्या आतून पांढऱ्या टाइल लावतात, म्हणजे झुरळं धरत नाहीत आणि पुसायला सोपं. १२ फेब्रुवारीला कारखान्याचा मुलगा माप घ्यायला आला. नेटका मुलगा, लेझरचं यंत्र होतं त्याच्याकडे, प्रत्येक खण तीन ठिकाणी मोजला. मी ऑफिसात होते. त्याने जे मोजलं ते उघड्या कडप्प्यापासून उघड्या कडप्प्यापर्यंत. टाइल त्याच्यानंतर लागल्या, २० आणि २१ तारखेला. एक टाइल आठ मिलिमीटर, तिच्यामागचा माल पाच मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून २६ मिलिमीटर. म्हणजे एक इंच.

सहा मार्चला गुरुवारी टेम्पो आला. चकचकीत जाळ्या, प्रत्येकीला प्लास्टिक गुंडाळलेलं. मी मुद्दाम रजा घेतली होती. पहिली ट्रॉली खणापाशी नेली आणि ती आत जाईना. जोडणारा मुलगा एकदा तिरपी करून पाहतो, एकदा चॅनेल काढून पाहतो. मग त्याने टेप काढला, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि माझ्याकडे न बघता मालकांना फोन लावला. दुसरा खण तसाच. तिसराही. तीन खणांतल्या आठ ट्रॉल्या, एकही बसेना.

कारखान्याचं म्हणणं, आतून टाइल लागणार हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मिस्त्रींचं म्हणणं, मला कोणी विचारलं नाही. दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच मला जास्त त्रास झाला. वही काढली. माप घेतल्याची तारीख होती, टाइल लावल्याची तारीख होती, आणि कारखान्याच्या ड्रॉइंगवर खणाच्या मापापुढे "तयार माप" असे शब्द होते. तयार माप म्हणजे टाइल लागल्यावरचं. हा कागद घेऊन शनिवारी अंबडला गेले.

मालकांनी कागद पाहिला, पाच मिनिटं गप्प राहिले, आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या पोराने विचारायला पाहिजे होतं. पण जाळ्या कापून जोड देणार नाही, तसा माल मी पाठवत नाही. नव्या करतो." खर्च १६,०००. निम्मा त्यांनी सोसला, निम्मा आम्ही. मी जास्त ताणू शकले असते असं घरच्यांना वाटतं. मला नाही वाटत. माप घ्यायच्या दिवशी दोन्ही माणसांना एकत्र उभं करणं माझं काम होतं आणि ते माझ्याकडून राहिलं.

या ठिकाणी कारखान्याचा एक मोठा फायदा सांगायला हवा. बाजारातल्या तयार जाळ्या १५, १७, १९, २१ इंच अशा दोन-दोन इंचांच्या टप्प्याने येतात. खण एक इंचाने कमी झाला की जाळी दोन इंचांनी लहान घ्यावी लागते. हे लोक स्वतः वेल्डिंग करतात, म्हणून जाळी बरोबर एकच इंच कमी केली. समोरची दारं कडप्प्याच्या कडेवर बसतात, ती बदलावी लागली नाहीत. १७ मार्चला नवा माल आला आणि प्रत्येक ट्रॉली एका बोटाने सरकली. रंगपंचमीच्या दिवशी कोणी येणार नाही हे गृहीतच होतं, रहाडीवरून, म्हणजे रंगाच्या हौदावरून, परतलेला नाशिककर त्या दिवशी ड्रिल हातात धरत नाही. २२ मार्चला काम संपलं. ३० दिवसांचे ४८ झाले. वाढलेल्या १८ दिवसांपैकी ११ त्या इंचाचे, ४ नहाणी ट्रॅपचे, ३ सणांचे. महाशिवरात्रीला मिस्त्रींची माणसं त्र्यंबकला गेली होती, तो दिवस मी धरायला हवा होता.

त्या ४८ दिवसांत स्वयंपाक हॉलमध्ये झाला. एक टेबल, त्यावर इंडक्शन, एक कुकर, दोन पातेली, बाथरूमच्या नळाखाली भांडी. पहिला आठवडा मुलांना सहल वाटली. तिसऱ्या आठवड्यात आईंनी जेवण कमी केलं, तेव्हा मी घाबरले. त्यांना इंडक्शन जमत नव्हतं आणि सुनेच्या हाताखाली बसून राहणं त्यांना आवडत नव्हतं. मग सकाळचा चहा आणि संध्याकाळची खिचडी त्यांच्याकडे दिली, मुलाने इंडक्शनच्या बटणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. काम काढताना घरच्या मोठ्या माणसाचं रोजचं काम कोणतं आणि ते चालू कसं राहील, याचाही एक रकाना वहीत हवा.

मालाबद्दल. प्लायवूड पाहायला मी लॅमिनेट चिकटवायच्या आधीच कारखान्यात गेले होते. पाण्याजवळच्या कपाटांना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन दर्जाचा प्लाय लागतो, आणि तो शिक्का शीटवरच असतो. वर लॅमिनेट चढलं की आत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही. त्यांनी शीटा उलट्या करून दाखवल्या. स्टीलचंही तसंच. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील चांगलं, असं दुकानात सांगतात. पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि तेच पुढे गंजतं. स्वयंपाकघराला ३०४ हवं. आमच्या स्टोअर्समध्ये थेंब टाकून ग्रेड ओळखायची बाटली असते, ती मी घेऊन गेले. मालकांनी हसत दोन जाळ्या पुढे केल्या. दोन्ही ३०४ निघाल्या. आज आठ महिन्यांनी, सिंकशेजारच्या ओल्या भांड्यांच्या ट्रॉलीवरसुद्धा गंजाचा ठिपका नाही.

जे टिकलं नाही तेही सांगते. ऑगस्टमध्ये सिंकखालच्या दाराची कडेची पट्टी सुटली. ओलं फडकं आम्ही त्याच दारावर वाळत टाकत होतो. फोन केल्यावर चौथ्या दिवशी माणूस आला, पट्टी नवी लावली, पैसे घेतले नाहीत आणि आतल्या बाजूला फडक्यासाठी एक दांडी ठोकून गेला. मोठ्या पातेल्यांच्या ड्रॉवरचं चॅनेल दिवाळीपासून जड चालतंय. त्यात आम्ही क्षमतेहून जास्त वजन भरतो, हे खरं असलं तरी पातेली ठेवायलाच तो ड्रॉवर सांगितला होता, तेव्हा चॅनेल मुळातच जास्त वजनाचं द्यायला हवं होतं. याचा अर्धा गुण कापलाय.

ग्रॅनाइट काळं घेतलं. क्वार्ट्झ सुंदर दिसतं, पण त्यात राळ असते आणि गॅसवरून उतरवलेली कढई त्यावर थेट ठेवली तर डाग पडू शकतो. आमच्या घरात कढई थेटच ठेवली जाते. बसवणाऱ्या कारागिरांनी पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला मशीनने एक बारीक खाच मारली. मी विचारलं हे कशाला. म्हणाले, ओट्यावरून ओघळलेलं पाणी इथे अडतं आणि खाली टपकतं, दारांवर उतरत नाही. कोणाच्याही लक्षात येणार नाही अशी ती रेघ आहे, बोट फिरवलं तरच लागते. पूर्ण पावसाळ्यात दारं फुगली नाहीत, त्यात तिचा वाटा आहे. ग्रॅनाइट घेणाऱ्यांनी ही खाच मागून घ्या. गॅसमागच्या टाइलच्या फटींत इपॉक्सी भरलं, ते सिमेंटपेक्षा महाग, पण हळदीचा पिवळेपणा धरत नाही.

चिमणीवाल्याला सहा इंची पाइपसाठी बीममध्ये भोक मारायचं होतं. मी नाही म्हटलं. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, मग कोणी काहीही सांगो. खिडकीची वरची काच काढून तिथून पाइप नेला. वळण एकच आलं, त्यामुळे मिरचीचा ठेचा करतानाही हॉलमध्ये कोणी खोकत नाही. आईंच्या दम्यासाठी चिमणीचे पैसे वसूल झाले.

गॅसच्या बाबतीत एकच. सिलिंडर ओट्याखाली बंद दारामागे ठेवायचं ड्रॉइंग होतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून त्या खणाच्या दाराला अगदी खाली जाळी करून घेतली. वायरिंगमध्ये फ्रिज, मिक्सर आणि ओव्हनला स्वतंत्र लाइन टाकल्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, बसवला. त्यात १३,००० वाढले आणि मला त्याचं काही वाटत नाही.

हिशोब असा झाला. गवंडीकाम, नळ, टाइल मिळून ९५,०००. ग्रॅनाइट ३८,०००. वायरिंग २२,०००. ट्रॉल्या, दारं, वरची कपाटं जीएसटी आणि ते इंचाचे ८,००० धरून १,९५,०००. हॉब आणि चिमणी ३४,०००. सिंक आणि नळ १४,०००. रंग, हमाली, राडारोडा २१,०००. एकूण ४,१९,०००. आम्ही ३,५०,००० धरले होते. वरच्या ६९,००० चा प्रत्येक रुपया वर कुठे ना कुठे आलाच आहे.

मैत्रिणीच्या घरी पुढच्या महिन्यात काम निघतंय, कॅनडा कॉर्नरला. तिला याच कारखान्यात घेऊन गेले होते. मालकांनी मला ओळखलं. त्यांच्या ऑर्डरच्या छापील कागदावर आता एक ओळ वाढली आहे: माप अंतिम टाइलनंतरच, गवंड्याच्या सहीसह. मी ती दोनदा वाचली आणि मैत्रिणीला दाखवली.

जोडणीची हमी एक वर्षाची आहे, मार्चपर्यंत. पातेल्यांच्या ड्रॉवरच्या चॅनेलसाठी फोन केलाय, जास्त वजनाचं चॅनेल लावून देतो म्हणालेत, येत्या शनिवारी माणूस येईल. बसवून झालं की इथेच लिहीन.